दहाची अट आणि डहाणूचा रस्ता

आमची गाडी जुनी आहे, डिझेलची आहे आणि तिचं इंजिन तिच्या अंगापेक्षा मोठं आहे. माझे पती मनोहर यांनी निवृत्तीनंतर तिच्यात स्वतःच्या हातांनी पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि पडदे बसवले. आता तिचं पुन्हा पासिंग करायचं होतं. जुन्या गाडीचं पासिंग म्हणजे खर्च आणि दगदग. मी म्हटलं, विकू या. तलासरीचे नरेशभाई म्हणून एक गिऱ्हाईकही मिळालं.

मनोहर दोन दिवस गाडी पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सावकाश चालवली तर ती दहा देते. तू कधी मोजलंच नाहीस."

"मग मोजू. लिटरला दहा किलोमीटर दिले तर राहील. नाही दिले तर नरेशभाईंची."

एवढ्यावर प्रवास ठरला. डहाणूच्या किनाऱ्याने वर जायचं, तलासरीत गाडी दाखवायची आणि परत यायचं. मोजायचं चारोटी नाका ते चारोटी नाका, म्हणजे वसईहून तिथपर्यंतचा हायवे, त्यातले ट्रक आणि ट्रॅफिक धरायला नको.

चारोटीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. ज्यांनी जुनी गाडी पाळली आहे त्यांना हे माहीत असेल: नोझल बंद झालं म्हणजे टाकी भरली असं नाही, आत हवा अडकलेली असते. मनोहरांनी मागचं दार धरून गाडी चांगली गदागदा हलवली, मग आणखी डिझेल आत गेलं. पंपावरचा माणूस कंटाळून म्हणाला, "काका, आता कानातून येईल." मनोहर थांबले नाहीत. डिझेल डोळ्यांना दिसायला लागलं तेव्हाच झाकण लावलं.

तिथून डावीकडे डहाणूचा रस्ता. मायलेजसाठीचे नियम सांगते: पन्नासच्या वर जायचं नाही, शक्य तितका वरचा गियर, टायरमध्ये हवा नीट, पाण्याची टाकी अर्धीच, एसी बंद. अशा गाडीचं कपाळ रुंद असतं. वेग वाढला की ती वाऱ्याला ढकलत बसते आणि डिझेल त्यातच जातं.

मी पन्नासला कधी प्रवास केलेला नव्हता. गाडीत बसले की पोचायचं, अशी माझी सवय. पण रानशेतच्या पुढे काय झालं कोण जाणे. भात कापून झालेली शेतं पिवळी पडून होती, मधेच एखादा ताड उभा, त्याला मडकी बांधलेली. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. ती कितीतरी वेळ आमच्याबरोबर होती असं वाटलं. खिडकीतून येणारा वारा थंड होता, इंजिन एका सुरात घुमत होतं. डहाणू आलं तेव्हा मला कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखं झालं. मी झोपले नव्हते.

डहाणूत मासळीचं जेवण जेवलो. बाजाराजवळच्या खानावळींत दुपारी दीडच्या आत जावं, नंतर पापलेट संपतं आणि वाढपी बोंबलाची तारीफ करू लागतो. मग नरपडवरून चिखले. या रस्त्याला एका बाजूला सुरूची झाडं आणि दुसरीकडे चिकूच्या वाड्या. रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर समोरच्याला वाट द्यायची तयारी ठेवा.

मुक्काम चिखल्यातल्या एका वाडीत केला. मालकीण सरिताताईंनी गाडी लावायचे पैसे घेतले नाहीत, जेवणाचे घेतले. फोन आधी करावा, हिवाळ्यात शनिवार-रविवारी जागा नसते. तांदळाची भाकरी, पापडी-वांग्याची भाजी आणि झाडावरून उतरवून पिकवलेले चिकू.

संध्याकाळी ओहोटी होती. डहाणूचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की नुसती ओली काळपट वाळू उरते आणि तिच्यात आभाळ. लांबवर दोन माणसं चालत होती, ती पाण्यावर की आभाळावर ते कळत नव्हतं. मनोहर गाडीच्या पायरीवर चहा करत बसले होते. चेहऱ्यावर एक निवांतपणा होता, जो घरी सोफ्यावर कधी नसतो. घरी ते टीव्हीसमोर बसतात आणि दिवस ढकलतात. मला ते बघवत नाही. गाडी गेली तर हा माणूस रोज त्या सोफ्यावर असणार, हे मला माहीत होतं. पण अट ती अट.

सकाळी घोलवड, मग बोर्डी. तिथून तलासरीकडे वळलो की समुद्राचा वास मागे राहतो आणि चढउतार सुरू होतात. पहिल्याच उतारावर मनोहरांनी गियर काढला.

"अहो, न्यूट्रल नाही."

"थोडं वाचेल गं."

"काही वाचत नाही. उतारावर गियरमध्येच ठेवा. ब्रेकवर एवढं वजन टाकून खाली गेलात तर मायलेज मोजायला दोघांपैकी कुणी उरणार नाही."

त्यांनी गुपचूप गियर टाकला. मग आम्ही पुन्हा त्या घुमणाऱ्या सुरात गेलो. सागाची मोठी वाळकी पानं रस्त्यावरून सरकत होती. कुडाच्या घरांपुढे अंगणं सारवलेली, कोंबड्या उन्हात. कुणालाच घाई नव्हती, आणि त्या दिवशी मलाही नव्हती.

तलासरीत नरेशभाईंनी गाडीला फेरी मारली. दारावर थाप मारून म्हणाले, "बेन, पत्रा मजबूत छे. ही बाजू कापून इथे काउंटर टाकीन. वडापाव, चायनीज, सगळं."

"आणि इंजिन?" मनोहरांनी विचारलं.

"ते काढून विकून टाकायचं ने! गाडी तर उभीच राहणार. मोठं इंजिन उभ्या गाडीला काय कामाचं?"

मनोहर "हो, बरोबर" म्हणाले आणि ओट्यावरच्या फडक्याची उगाच घडी करू लागले. मी नरेशभाईंना सांगितलं, उद्या फोन करते.

तलासरीच्या नाक्यावर चार बायकांनी हात केला. इकडे प्रवासी जीप हात केला की थांबते, आणि आमची गाडी त्यांना जीपच वाटली. मनोहरांनी माझ्याकडे पाहिलं. चार माणसांचं वजन, शिवाय बाजाराच्या पिशव्या. अट माझी होती, ठरवायचंही मीच.

"थांबवा," मी म्हटलं.

त्या आत चढल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या. मग एक म्हणाली, "अगो, याच्यात चूल हाय!"

"खाट पण हाय," दुसरी म्हणाली. सगळ्यांत म्हातारी होती तिने मला विचारलं, "बाय, घरात भांडून निघालीस काय?"

"नाही, यांना बरोबर घेऊन निघालेय."

"मंग भांडायला कोन?"

"हेच की."

त्यावर चारोटीपर्यंत हसणं चाललं. दोन माणसांना एवढी गाडी कशाला, ही किती तेल पिते, नवरा चहा करतो म्हणजे तू काय करतेस, सगळी चौकशी झाली. पलंगावर सुकटीची पिशवी ठेवली गेली. वास अजून गेलेला नाही.

चारोटीला तोच पंप. नोझल बंद झालं. मी मनातल्या मनात भागाकार केला. दहाच्या थोडं वर येत होतं. पास.

मनोहरांनाही आकडा दिसत होता. हिशेबात ते माझ्यापेक्षा जलद आहेत. तिथेच झाकण लावलं असतं तर मी काही बोलले नसते, हे मी इथे स्पष्ट लिहिते. ते क्षणभर उभे राहिले. मग मागे गेले आणि दार धरून गाडी हलवू लागले.

बायका उतरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, काकांना जड जातंय. चौघीही पदर खोचून मदतीला आल्या. "हालवा गं, हालवा! काकाची टाकी भरू दे!" गाडी डोलायला लागली. डिझेल आत जात राहिलं. प्रत्येक हिसक्याबरोबर मायलेजचा आकडा खाली येत होता आणि त्या चौघी खुशीत ओरडत होत्या. मनोहरही त्यांच्याबरोबर हसत होते. जाताना म्हातारी त्यांना म्हणाली, "भरली बग, पार वरपर्यंत."

नऊच्या थोडं वर. दहा नाहीत.

वसईकडे निघालो. उजवीकडे ऊन कलत होतं, ट्रक मागून येऊन पुढे जात होते. मनोहर पन्नासवरच होते. आता मोजायचं काही नव्हतं, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली गेले आणि गाडी रिकामी करू लागले. आधी स्टोव्ह, मग गाद्या. वर येऊन म्हणाले, "पडदे तसेच देऊ या का? त्यांना नसतील लागत." मी फोन घेतला.

"नरेशभाई, गाडी द्यायची नाही."

"का बेन? मायलेज चांगलं निघालं वाटतं."

"नाही. कमी निघालं."

"मग ठेवून काय करणार?"

"फिरणार."

मनोहर हातात पडदा घेऊन उभे होते. मी त्यांना सांगितलं, गाद्या ओल्या जमिनीवर ठेवल्या असतील तर आधी उचला.

तुमच्यापैकी कुणी अशी जुनी, मोठ्या इंजिनाची गाडी घ्यायच्या विचारात असाल तर लिटरला नऊच धरा. दहा सांगणाऱ्याने टाकी भरताना गाडी हलवली नव्हती असं समजा. आम्ही पासिंगचा अर्ज दिला आहे.