दुधावरची कोकरं

मेंढरं मोजायची नसतात, हे मला सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. मी बोट दाखवत मोजायला लागले, तर सासऱ्यांनी माझा हात खाली दाबला. आकडा तोंडातून गेला की कळप उतरतो, जनावरं मरतात, असं ते मानायचे. औंढ्याच्या आसपासच्या सगळ्याच म्हाताऱ्या मेंढपाळांचं तसं होतं. त्यांना प्रत्येक मेंढीचं तोंड ओळखीचं, त्यामुळे एखादी हरवली तरी ती न मोजता कळायची. मला मात्र मोजल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी मनातल्या मनात मोजायची.

निजामाच्या अमलातली शेवटची काही वर्षं होती ती. माळावर चरणाऱ्या जनावरांवर चराई नावाचा कर होता. गावात वसुलीला येणारा गिरदावर काल जन्मलेल्या कोकरालाही मोठ्या मेंढीइतकाच कर लावायचा. जे अजून गवताला तोंड लावत नाही, त्यानं चराई कशाची द्यायची? धडधाकट माणसं कापसाच्या जिनिंगात नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबायला गेलेली, माझा नवराही त्यातच. मेंढरांमागं उरली होती ती सगळी पिकली पानं. सरकारी चाकरी केलेल्याला पेन्शन असते. आमच्या सासऱ्यांची पेन्शन म्हणजे तो कळप, आणि दरसाल चराईपायी त्यातली दोन-चार जनावरं विकावी लागत होती.

शेवटी म्हातारेच उठले. त्यांना उठवलं गावातल्या एका मुसलमान बाबांनी. ते पूर्वी फौजेत शिपाई होते. त्यांची स्वतःची पेन्शन कारकुनांनी अडवून ठेवलेली, तरी दुसऱ्यांचे अर्ज तेच लिहायचे, कारण कचेरीला उर्दूशिवाय काही कळत नव्हतं. ही मंडळी काठ्या टेकत तहसिलीला जायची, दिवसभर लिंबाखाली बसायची आणि परत यायची. चपराशी हसायचे. सासऱ्यांना नीट दिसत नसे, म्हणून त्यांच्यासोबत मी असायची.

एक दिवस तहसीलदारानं चक्क त्यांचं ऐकून घेतलं. म्हणाला, "ठीक है. दूध पीते बच्चे छोड़ देंगे. हर आदमी अपने बच्चों की गिनती बताए, अभी लिख देते हैं."

कोणी बोलेना. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली असेल.

शिपाईबाबा म्हणाले, "बोलो ना भाई. इसीच के वास्ते तो आए."

पुढं सासरेच उभे होते. खाली बघत म्हणाले, "हायेत मालक. देवाच्या दयेनं हायेत."

"कितने?"

"हायेत की."

मी पदर सावरून पुढं झाले. आकडा मला तोंडपाठ होता. "मामंजी, मी सांगते."

"गप, पोरी." ते रागावले नव्हते, घाबरले होते. "मरतील ती."

बाकीचेही आपापल्या पायांकडे बघत राहिले. तहसीलदाराला वाटलं, हे लोक जनावरं लपवून राहिलेत. त्यानं कलम खाली ठेवलं आणि चराई पूर्वीसारखीच वसूल करा म्हणून सांगितलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या दिवसाची चीड मला अजून येते, पण ती कोणावर काढावी ते कळत नाही. साहेबानं विचारलं ते बराबर होतं, आणि सासऱ्यांची भीतीही खोटी नव्हती.

वाटेत शिपाईबाबा एवढंच म्हणाले, "अब मैं क्या लिखूँ?" त्यानंतर त्यांनी कोणाचाच अर्ज लिहिला नाही, स्वतःचासुद्धा नाही.

त्या साली गवत कमी होतं आणि चराई भरणं झालं नाही. जप्ती आली. कचेरीच्या शिपायांनी कळप अडवला आणि कोकरं बाजूला काढली. त्यांना बाजारात भाव नव्हता. कर लावताना ज्यांना ती मेंढरं दिसली, त्यांना लिलावाच्या वेळी ती कोकरं आहेत हे बरं दिसलं. त्यांच्या आया जवळा बाजार गावच्या रस्त्यानं हाकलत नेल्या. त्या सारख्या मागं वळून ओरडत होत्या.

मी घरोघर शेळीचं दूध मागितलं. चिंधी बुडवून कोकरांच्या तोंडात धरली. दूध पुरलं नाही. सासरे एकेक कोकरू बांधावर नेऊन पुरायचे आणि हात न धुताच येऊन बसायचे. मला त्यांची दया यायची, आणि गदागदा हलवावंसंही वाटायचं.

मग राज्य बदललं. अठ्ठेचाळीस साल सरता सरता गावात नवा साहेब आला, मराठी बोलणारा. सासरे ओट्यावर बसले होते. साहेबानं मायेनं विचारलं, "बाबा, दुधावरची कोकरं किती? ती सोडून लिहितो."

सासऱ्यांनी या खेपेला लगेच सांगितलं.

"एक बी न्हाई, लिवा."