भवानीचे पाच शब्द

त्या दुभाष्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

पूर्णेच्या मोंढ्यात, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारात, माझं हळदीचं दुकान आहे. सुरुवात बैलबाजारात दुसऱ्यांच्या जनावरांची दावी धरून झाली. मग दलाली शिकलो, मग हळदीत आलो. मला कोणी बोट धरून आणलं नाही. भाव करणं ही एकच विद्या मला येते, आणि ती चांगली येते. असं असताना मागच्या हंगामात इराणचा एक खरेदीदार माझ्या गोदामात आला आणि मी माझ्याच खुर्चीवर मुक्यासारखा बसून राहिलो. तो बोलायचा, त्यानं मुंबईहून आणलेला दुभाष्या बोलायचा, दोघं माझ्याकडे बघायचे आणि हसायचे. एवढ्या लांबलचक बोलण्यातून मराठीत एकच वाक्य निघालं.

"काका, ते म्हणतात माल हलका आहे."

"एवढं सगळं बोलले आन् एवढंच?"

"सार सांगितलं मी. तुम्ही गप्प बसा काका, मी जमवतो."

माझ्या गोदामात, माझ्या मालापुढे मला गप्प बसवणारा हा कोण? पण बसलो. त्यानं जमवलेल्या भावात माल गेला. गाडी नांदेडच्या दिशेनं निघाली तेव्हाच ठरवलं, पुढच्या हंगामात या इराण्याशी सौदा करीन तो माझ्या तोंडानं. मधे कोणी नको.

मोबाईलवर हिंदीतून फारसी शिकवणारं एक ॲप घेतलं. पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. मुलगी सफरचंद खाते. बहिणीची मांजर पांढरी आहे. अरे, मला हळद विकायची आहे! वर शब्द बरोबर आला की ते लहान पोराला द्यावी तशी शाबासकी द्यायचं. दरवाजा, जमीन, बाजार, हप्ता हे आमच्या घरादारातले शब्द मला परके म्हणून शिकवायचं आणि त्याचीही शाबासकी. दोन दिवस शिकायचो, मोंढ्यात आवक वाढली की चार दिवस सुटायचं, आणि परत बसलो की पाटी कोरी. एकदा तर मोबाईल उचलून पोत्यांवर भिरकावला.

बायको डबा घेऊन आली होती. म्हणाली, "पोत्यावर काहून फेकता? राग खरा असंल तर फरशीवर फेका की."

तिनं मोबाईल उचलून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "दुकानात भवानी व्हायच्या आधी कोणाला उधार देता का?"

"न्हाई."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी न्हाई."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली रोख विक्री. ती झाल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही उधारीवर माल दिलेला नाही.

"मंग उद्यापासून घरातबी तसंच. सकाळी पाच शब्द मला विकायचे. भवानी झाली की चहा."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात माझं दुकान लागलं. तिला फारसीचा गंध नाही, पण माल नाकारण्यात ती माझ्या वरची.

"ह्यो कालचाच हाय. शिळा माल चालायचा न्हाई."

"अगं, कालचा ध्यानात ऱ्हायलाय का ते बघायला नको?"

"त्यो वरून फुकट घाला. पाच नवेच पाहिजेत."

अशा गिऱ्हाइकापुढे कोणाचं चालणार? नवे पाच मोजून घ्यायची, जुने वरून काढून घ्यायची. मी चिडायचो, पण चहाची तलफ रागापेक्षा मोठी. मांजर आणि सफरचंद सोडून दिलं. माझे शब्द मीच निवडले. सगळ्यांत आधी शिकलो, 'नेमीफोरूशम', म्हणजे विकत नाही. सौदा करणाऱ्याला हा शब्द पहिला यायला हवा. मग वाळलेलं, ओलं, स्वच्छ, स्वस्त, महाग, आणि 'तुम्ही म्हणालात'. दुकानात हळदकांडी मोडून वाळली का बघताना प्रत्येक वेळी 'खोश्क' म्हणायचो, म्हणजे वाळलेली. हमाल आपसांत म्हणायचे, "मालक हळदीवर मंतर टाकायलेत."

यंदा तो परत आला. सोबत तोच दुभाष्या, तेच हसू. मी मुद्दाम गप्प बसलो. इराण्यानं कांडी मोडली. कट्‌ आवाज आला. त्यानं ती नाकाशी धरली आणि म्हणाला, माल चांगला आहे, वाळलेला आहे. मला लख्ख कळलं.

दुभाष्या माझ्याकडे वळला. "काका, थोडा ओलसर वाटतोय म्हणतात."

मी इराण्याकडे बघून त्याच्या भाषेत म्हणालो, "खोश्क. तुम्ही म्हणालात, खोश्क."

इराणी आधी दचकला, मग खदखदून हसला. दुभाष्याचा चेहरा उतरला. तो चेहरा मला हवा होता, वर्षभर हवा होता. इराण्यानं खुर्ची माझ्याकडे ओढली आणि विचारलं, "चंद?" म्हणजे, कितीला?

भाव सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा ध्यानात आलं.

मला आकडे येत नव्हते. एकही नाही. वर्षभर रोज पाच शब्द विकले आणि त्यांत एकही आकडा नव्हता. ज्या बैलबाजारात मी वाढलो तिथे भाव कोणी तोंडानं बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो, त्याखाली बोटं दाबून भाव होतो, आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. आकडा हा बोलायचा शब्द आहे हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुभाष्यानं ताडलं. "काका, सांगू का मी?"

"नेमीफोरूशम," मी ओरडलो. खरं तर ते दुभाष्याला म्हणालो, पण 'विकत नाही' ऐकून उठायला लागला इराणी. तेव्हा मी खांद्यावरचा रुमाल ओढला, त्याचा हात धरला आणि हातांवर रुमाल टाकला. तो घाबरून हात मागे घ्यायला लागला. त्याला बोटांची भाषा कुठून येणार? मग दुसऱ्या हातानं मोबाईल रुमालाखाली सारला, कॅल्क्युलेटर उघडून आकडा लिहिला. त्यानं रुमालाची कड उचलून बघितलं. हसला. खोडून त्याचा लिहिला. मी तो खोडला. दुभाष्या मान लांब करून वाकला.

"तुमी गप बसा," मी म्हणालो. "मी जमवतो."

जमलं. माझ्या मनासारखं जमलं. पण गाडीत बसताना तो दुभाष्या काच खाली करून म्हणाला, "वर्षभर शिकून शेवटी मुक्यासारखाच सौदा केलात, काका."

दगड उचलावासा वाटला. कारण तो खरं बोलला होता.

रात्री बायकोला सगळं सांगितलं होतं. सकाळी चहा मागितला तर तिनं भांडं झाकून ठेवलेलं.

"आज शब्द नकोत. हळदीचा भाव सांगा. त्याच्या भाषेत."

आकडे मी रात्रीतून पाठ केले होते. पण भाव मी तिलाही कधी मोठ्यानं सांगितलेला नव्हता. उठून दार लावलं, खिडकी लोटली आणि पुटपुटलो.

"ऐकू न्हाई आलं."

"अगं, भाव हाय त्यो."

"माल विकायचाय का न्हाई? मोठ्यानं."

डोळ्यांपुढे ती गाडीची काच आली. मी खिडकी परत उघडली आणि मोंढ्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात भाव सांगितला.

"लय महाग," ती म्हणाली, आणि भांड्यावरचं झाकण काढलं.