अक्काच्या श्वासाचा आलेख

अक्काला न्यूमोनिया झाला आणि तिला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी कॉलेजात गणित शिकवत होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. नव्वदीच्या सुमाराचे ते दिवस. केऑस थिअरीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. आकडे कितीही वेड्यावाकड्या उड्या मारोत, आत कुठंतरी नियम दडलेला असतो, एवढंच त्यातलं मला कळलं होतं. तेवढ्यावर मी तासभर बोलायचो.

अतिदक्षता विभागात चार खाटा होत्या. रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र मात्र नांदेडला. रोज सकाळी अक्काच्या मनगटातून रक्त काढायचे, सिरिंज बर्फाच्या थर्मासात ठेवायचे आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा, तो थर्मास मांडीवर घेऊन रेल्वेनं जायचे. संध्याकाळी आकडा घेऊन परत. वाटेत त्यांचं स्वतःचंच गाव लागायचं, चुडावा. तिथं गाडी थांबली तरी ते उतरायचे नाहीत.

अक्का मास्क बाजूला करून विचारायची, "किती पडले रे आज?" तिला ते मार्कच वाटायचे.

"बासष्ट."

"मग पास हाय की मी." तिला हसू यायचं आणि लगेच धाप लागायची.

ऐंशीच्या वर हवे होते. मी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडत गेलो. सहासष्ट, पन्नास, बासष्ट, एकोणसाठ, पंचेचाळीस, छप्पन्न, एक्केचाळीस. असलं गणित करायला हजारो आकडे लागतात. माझ्याकडे सात होते. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. प्रत्येक मोठ्या पडझडीनंतर आकडा वर येतो, हा नियम मी शोधून काढला आणि मनातून खूशही झालो. ती खुशी आठवली की आजही माझी मला किळस येते.

एक्केचाळीस आले त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "सर, आता हैदराबादला हलवू या. गाडीची सोय मी करतो." दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी आलेख उघडला. "उद्या वर येईल," मी म्हणालो. "प्रवासात दगदग होईल तिला." घरात शिकलेला मीच. माझ्या शब्दापुढं दाजी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी रक्त घेऊन दाजी गेले आणि दुपारी अक्का गेली. त्यांना कळवायचं तरी कसं? संध्याकाळी मी दवाखान्याच्या दाराशी उभा राहिलो. ते रिक्षातून उतरले ते कागद हलवतच.

"भाऊ, तुमी म्हनला तसंच झालं बगा! त्रेपन्न. वर आला! आज गाडी टायमात व्हती. तिथला मानूस म्हनला, आज बर्फ शाबूत हाय, आजचा आकडा खरा. लेट झाला की बर्फाचं पानी व्हतं, मग रगतच आतला वायू खाऊन टाकतं म्हनं."

मी विचारलं, "दाजी, गाडी कोणकोणत्या दिवशी लेट झाली होती?"

त्यांना सगळं पाठ होतं. पहिल्यांदा इंजिन बिघडलं तेव्हा. मग नामांतराच्या आंदोलनात पूर्णेला गाडी अडकली तेव्हा. आणि काल. पन्नास, पंचेचाळीस, एक्केचाळीस.

ते तीन आकडे वगळले की उरतात सहासष्ट, बासष्ट, एकोणसाठ, छप्पन्न आणि आता त्रेपन्न. कसली उडी नाही, कसला गूढ नियम नाही. सरळ खाली उतरणारी रेघ. पाचवीतल्या पोरानंही सांगितलं असतं, बाईला हलवा म्हणून.

अक्का गेल्याचं मी त्यांना तिथंच सांगितलं. दुसरी गोष्ट मात्र अजून माझ्या तोंडातून निघालेली नाही. कुणी विचारलं की दाजी अजूनही सांगतात, "भाऊचं गनित बरोबर व्हतं हो, आमचं नशीबच खोटं." आणि मी शेजारी बसून ते ऐकून घेतो.