नेम व्हर्लाचा, गळा कुणाचा?

पाइन फोर्कमध्ये व्हर्ला टॉर्गरसनबद्दल वाकडं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. गावातली निम्मी तरणी पोरं शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हातचं खाऊन मोठी झाली आहेत, आणि आमचं गाव खाल्ल्या अन्नाला जागतं. पण तिचं कौतुक करतानाही लोक एक मेख मारून ठेवायचे. एल्कच्या शिकारीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणणारच, "व्हर्लाचं काय बाबा, नेम व्हर्लाचा आणि गळा ऑरिनचा." सगळे हसायचे. व्हर्लाही हसायची. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरात आपटली जायची.

ऑरिन म्हणजे तिचा नवरा. बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, हीच खरी पंचाईत. एल्क म्हणजे सांबराहूनही थोराड अंगाचं हरीण. बाणाने मारायचं तर ते तीस-चाळीस पावलांवर यायला हवं, आणि नाक इतकं तिखट की माणसाचा वास आला तर डोंगर सोडून जाईल. त्याला जवळ आणायचं ते आवाजाने. सप्टेंबरात नर माजावर असतात. दुसऱ्या नराची ललकारी कानावर पडली की तावातावाने भांडायला येतात. म्हणून शिकारीला दोघांनी जायचं. एकाने मागे झाडीत बसून नळीतून नराची ललकारी द्यायची, दुसऱ्याने पुढे दबा धरून बाण सोडायचा. लग्न झाल्यापासून व्हर्ला पुढे आणि ऑरिन मागे. सगळ्या खोऱ्यात त्याच्यासारखा गळा नव्हता, आणि स्तुती करण्यात त्याच्याइतका कंजूष माणूसही नव्हता.

जन्मभर लाकडाच्या गिरणीत उभं राहून ऑरिनचे गुडघे कामातून गेले. त्यात वणव्यात म्यूल सोंड नावाची डोंगरधार जळली. टॉर्गरसनांची ती आजोबांपासूनची शिकारीची जागा. जळकी झाडं वाऱ्याने कोसळतात म्हणून जंगलखात्याने वाटच बंद केली.

"यंदा दुकानातलं मांस खाऊ," ऑरिन म्हणाला.

"तू खा," व्हर्ला म्हणाली. "मी स्प्लिट क्रीकला जाणार."

स्प्लिट क्रीक म्हणजे डोंगराच्या पलीकडची ओढ्याची घळ. तिथे ना ती कधी गेली होती, ना ऑरिन. रविवारी जेवायला ऑरिनचा धाकटा भाऊ लायल आला, तेव्हा हा विषय निघाला. लायलचं टायरचं दुकान आहे. गळा बरा आहे, तोंड त्याहून मोठं.

"स्प्लिट क्रीक?" बटाट्याच्या पोळीवर लोणी फासत तो म्हणाला. "काय ठेवलंय तिथं? पडलेली लाकडं नि साळिंदरं. अगं, तिथं एल्क असते तर मी नसतो का गेलो?"

"नसले तर नसले. फिरून येईन."

"आणि ललकारी कोण देणार? हा खुर्चीतून देणार?"

"मला मादीचा आवाज काढता येतो."

"तो तर कुणालाही येतो. मी टायरची हवा सोडली ना, टायरलासुद्धा येतो."

ऑरिन हसला. व्हर्लाला लायलचं बोलणं लागलं नाही, ऑरिनचं हसणं लागलं. तिने पोळ्यांचं ताट उचलून आत नेलं. लायलची तिसरी पोळी त्यात गेली.

त्या वसंतात जेवणाच्या टेबलावर जे नकाशे पसरले ते उन्हाळा संपेपर्यंत उचलले गेले नाहीत. ऑरिन मांडीवर ताट घेऊन जेवायला शिकला. उत्तरेचा गर्द उतार कुठला, म्हणजे दुपारी एल्क सावलीत कुठे पडून राहणार. गवताची माची कुठली, पाणी कुठे. व्हर्ला बोटाने शोधत बसायची. पण नकाशात वारा दिसत नाही. म्हणून जुलै लागल्यावर दर आठवड्याला एकदा तरी ती पहाटे निघायची. ऑरिन गाडी चालवायचा आणि वाट संपते तिथे गाडीतच घोरत पडायचा. व्हर्ला एकटी घळीत शिरायची, कमरेला अस्वलासाठी तिखटाचा फवारा बांधून.

पहिल्यांदा फजिती झाली. म्यूल सोंडेवर बसायची तशीच ती बसली, डोंगराच्या वरच्या अंगाला तोंड करून. तिथे सकाळचा थंड वारा ऊन चांगलं तापेपर्यंत खाली उतरत राहायचा. इथे घळीचं तोंड पूर्वेला, ऊन लवकर यायचं आणि वारा उलटा फिरून वर चढायचा. वर चरणाऱ्या माद्यांना तिचा वास लागला. तिला दिसले ते फक्त त्यांच्या ढुंगणांवरचे फिकट पट्टे, झाडीत नाहीसे होताना. इतक्या वर्षांची शिकारीण आणि नवख्यासारखी फसली, म्हणून तिने स्वतःला चार शिव्या दिल्या. नंतर मात्र ती पिठाची छोटी बाटली घेऊन जायला लागली. दर थोड्या वेळाने चिमूटभर पीठ उडवून बघायची. अखेर तिला खूण सापडली: समोरच्या कड्याच्या टोकाला ऊन लागलं की इकडे वारा फिरलाच म्हणून समजावं. कुणी सांगितलं नव्हतं तिला हे. तिने बसून, वाट बघून मिळवलं होतं. वरच्या माचीखाली तिला नरांची लोळणही सापडली, मुताच्या वासाने घमघमणारा चिखल आणि शिंगं घासून सोललेली झाडं. साळिंदर एकही दिसलं नाही.

रोज संध्याकाळी गॅरेजमागे नेमाचा सराव चालायचा, तो साऱ्या आळीला दिसायचा. एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. शाळा सुट्टीत बंद असली तरी स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडेच असायची. तिथल्या थंड खोलीत चीजच्या खोक्यांमध्ये उभी राहून, अंगात कोट घालून, व्हर्ला ललकारी शिकत होती. टाळूला रबराची पट्टी चिकटवायची, नळी तोंडाला लावायची आणि फुंकायचं. पहिले काही दिवस ओकारी यायची. आवाज निघायचा तो दारात कोंबडं चेंगरल्यासारखा. पण तिने ऑरिनची नक्कल केली नाही. मागे बसणाऱ्याने खरा नर कधी इतका जवळून ऐकलेला नसतो. पुढे बसणाऱ्याच्या छातीत तो घुमतो. आधी खोल घुरघुर, मग चढत जाणारी लांब शीळ, शेवटी पोटातून काढलेले खाकरे. इतकी वर्षं ते तिच्यात साठून राहिलं होतं, आणि आता एकेक करून बाहेर येऊ लागलं.

हंगाम लागला तसा घळीच्या तोंडाशी तंबू पडला. ऑरिन हट्टाने बरोबर आला. "चढता येत नाही, पण शिजवता येतं की," म्हणाला. एका पहाटे त्याला चुलीपाशी ठेवून व्हर्ला निघाली. फटफटायला लागल्यावर लोळणीच्या खालच्या अंगाला थांबली, वारा तोंडावर आहे हे पाहिलं आणि नळी उचलली.

वरून लगेच उत्तर आलं.

तिने पुन्हा ललकारी दिली, वरचा पुन्हा ओरडला, आधीपेक्षा जवळून. ती दहा पावलं सरकायची, फांदीने झाड खरडायची, वरचाही खरडायचा. असं बराच वेळ चाललं. नर तापला होता, मागे हटायला तयार नव्हता. एकच गोष्ट तिला खटकत होती. हा शहाणा प्राणी वारा पाठीवर घेऊन खाली येतोय कसा? पण उत्साह कानात बोळे घालतो तसं डोक्यातही घालतो. तिने बाण दोरीला लावला. झुडूप हललं. आणि वाऱ्यावर पुदिन्याच्या तंबाखूचा वास आला.

एल्क तंबाखू खात नाही.

"लायल," ती हळूच म्हणाली, "धनुष्य खाली घे. मी आहे."

झुडपातून लायल बाहेर आला. त्याच्याही दोरीला बाण होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू? मग तो नर कुठंय?"

"कुठला नर?"

"अगं, तास झाला मी त्याच्या मागे..." मग नळीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो तिथेच मटकन बसला.

आमच्याकडे शिकारीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. पगार सांगतील, मूळव्याध सांगतील, जागा नाही, सख्ख्या भावालाही नाही. त्यामुळे दर हंगामात दोन शहाणी माणसं एकमेकांना हरीण समजून तासभर आळवत बसतात, हे जुनंच आहे. पण लायलसारख्या गळ्याच्या माणसाला कुणी असं फसवलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"आणि साळिंदरं?" व्हर्लाने विचारलं.

"झालं की आता. चल, कॉफी पिऊ. सगळी घळ उठवलीय आपण."

तेवढ्यात समोरच्या कड्याचं टोक पिवळं झालं. व्हर्लाने पिठाची चिमूट उडवली. पीठ जरा घोटाळलं आणि वर निघालं.

"थांब," ती म्हणाली. "वारा फिरला."

"एवढ्या लवकर?"

"इथं फिरतो."

दोन नर इतका वेळ भांडतायत म्हटल्यावर कुणीतरी तिसरा मुकाट्याने बघायला येणारच, हे तिला माहीत होतं. आतापर्यंत वारा खाली उतरत होता, म्हणजे तो वास घेत खालूनच येणार, आणि आता खालून येणाऱ्याला त्यांचा वास लागणार नव्हता. ती वळून उतारावर तोंड करून बसली. लायल तिच्या मागे, वरच्या अंगाला. थोड्या वेळाने खालच्या देवदारांत शिंगांची टोकं हलली.

"लायल," ओठ न हलवता ती म्हणाली, "झाड हो."

लायल झाड झाला. जन्मात पहिल्यांदा एवढा वेळ गप्प बसला. नराचं डोकं एका खोडाआड गेलं तेव्हा व्हर्लाने दोरी ओढली; खांदा बाहेर आला तेव्हा सोडली. नर उधळला, फांद्या मोडल्या, मग खाली काहीतरी जड कोसळलं. तरी तिने घाई केली नाही. बरीच वाट पाहून मग दोघं उतरली. नर जवळच पडला होता. व्हर्लाने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला.

मांसाची ओझी पाठीवर घेऊन उतरताना लायलला वाचा फुटली. "तरी एक आहे हं. तो आला माझ्या ललकारीवर. माझी वरून होती ना, चांगली पोचली."

व्हर्लाच्या पाठीवर मागची तंगडी होती, बोलायला श्वास नव्हता. पण गाव काय म्हणणार ते तिला आताच ऐकू यायला लागलं. नेम व्हर्लाचा आणि गळा लायलचा. सबंध उन्हाळा थंड खोलीत काढून शेवटी हेच पदरात पडायचं असेल तर कुणाला सांगायचं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम पुसल्यासारखं करून तिने ते पुसलं.

तंबूपाशी ऑरिन खुर्चीत बसला होता. चुलीवर कॉफी उतू जाऊन काळी झाली होती. त्याने मांस पाहिलं, शिंगं पाहिली, मान हलवली. त्याच्या लेखी ते भाषण होतं.

"ऑरिन, ऐकलीस ना माझी ललकारी?" लायलने ओझं टाकता टाकता विचारलं.

"ऐकली की. शेवटी फाटते ती. दहा वर्षांचा होतास तेव्हापासून फाटते. म्हटलं, हे गाढव इथं साळिंदरं मारायला आलंय वाटतं." मग तो व्हर्लाकडे वळला. "पण तो दुसरा कुठं गेला?"

"दुसरा कोण?"

"अगं, खालच्या अंगाला होता तो. हा तर तरणा दिसतोय. तो म्हातारा होता, चांगला मुरलेला. त्याच्यापायी माझी कॉफी गेली. मी इथं देवाला म्हणत होतो, व्हर्लाला तेवढं त्याच्या वाऱ्याखाली ठेव. उभ्या जन्मात असा नर ऐकला नाही मी."

लायलने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. लायलची एक गोष्ट मान्य करायला हवी: तो बढाईखोर आहे, पण लबाड नाही, शिकारीची जागा सोडली तर.

"तुझ्यासमोर उभा आहे तो," लायल म्हणाला.

ऑरिन बायकोकडे बघत राहिला. मग तिच्या खांद्याला लटकणाऱ्या नळीकडे. "कर बघू," तो म्हणाला.

व्हर्लाने पट्टी टाळूला लावली. नवऱ्यासमोर पहिल्यांदाच. घुरघुर निघाली, शीळ चढली, घळीतून घुमत वर गेली, आणि शेवटचे खाकरे निघाले तेव्हा ऑरिनने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मग खूप वर, माचीच्याही पलीकडून, बारीकसं उत्तर आलं.

"हा खरा आहे, की अजून एखादा टायरवाला?" ऑरिनने विचारलं. गुडघे धरून तो कष्टाने उठला आणि व्हर्लाच्या पाठीवरचं ओझं त्याने स्वतःच्या हाताने उतरवलं.

"गळाही तुझाच गं," तो म्हणाला. "गावात मी सांगेन." आणि वळून त्याने कॉफीचं भांडं घासायला घेतलं.