मधलं पद

शाळेत गणित शिकवताना मी सगळ्यात जास्त आरडाओरडा एकाच चुकीवर केला. ए अधिक बी, कंसाचा वर्ग. फळ्यावर लिहून पाठ वळवायचा अवकाश, निम्मा वर्ग खुशाल ‘ए वर्ग अधिक बी वर्ग’ लिहून मोकळा. मधलं दोन एबी कुठे गेलं? कुणाला पत्ता नाही. ‘मधलं पद काय तुमच्या घरी जेवायला गेलंय?’ असं मी विचारायचे, पोरं हसायची आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच लिहायची. परळच्या त्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

आमची लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि आम्ही दोघं चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. जुनी खोली दहा बाय दहाची, नवा हॉल तेरा बाय तेराचा. जुन्या खोलीच्या मापाने कापलेलं लिनोलियम मी हट्टाने इथे आणलं. आमच्या ह्यांनी ते एका कोपऱ्यात भिंतींना चिकटवून नीट बसवलं, बाजूला उरलेली चकचकीत लादी बघितली आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात आपली आरामखुर्ची ठेवली. ‘जुनी खोली तुला, हा कोपरा मला,’ म्हणाले. मग दिवसभर मधल्या लादीवरून आमची ये-जा. चहा तिकडे जायचा, पेपर इकडे यायचा, आणि भांडण मध्येच कुठेतरी उभ्या उभ्या व्हायचं.

वर्षभरात ते गेले. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. मूलबाळ आम्हाला नव्हतं. बेल वाजली की कुरिअरवाला, तोही बहुतेक शेजाऱ्यांचं सामान घेऊन. मी फार एकटी पडले. हे सांगायला मला लाज वाटत नव्हती, ऐकायला कुणी नव्हतं एवढंच.

अशात समोरच्या घरातली सून एका दुपारी पुस्तक घेऊन दारात उभी राहिली. वय तिशीच्या पुढे, माहेर मालवणकडचं, दहावीला गणितात राहिलेली. जवळच्या एका हॉस्पिटलात आयाचं काम करायची. दहावी पास झाली तर तिला कायम करणार होते.

‘बाई, बीजगणित माझ्या डोक्यावरून जातं हो. शिकवाल?’

‘बघू,’ मी म्हटलं, आणि ती गेल्यावर लगेच दोन कप घासून ठेवले.

ती रोज दुपारी येऊ लागली. जेवण आटोपलं की माझं लक्ष दाराकडे लागायचं. हिला गणित आलं की हिचं येणं थांबणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण मुद्दाम हळू शिकवणं माझ्या हातून व्हायचं नाही. स्वभावच मेला तसा.

आणि तिने काय लिहावं? ए वर्ग अधिक बी वर्ग! माझा पारा चढला.

‘अगं, दहा अधिक तीन म्हणजे तेरा. तेराचा वर्ग किती?’

‘एकशे एकोणसत्तर.’

‘आणि दहाचा वर्ग अधिक तीनचा वर्ग?’

‘एकशे नऊ.’

‘मग साठ कुठे गेले?’

ती वहीत साठ शोधू लागली. मी तिला दंडाला धरून उठवलं. ‘हा हॉल तेरा बाय तेरा. हे लिनोलियम दहा बाय दहा, म्हणजे ए वर्ग. तो खुर्चीचा कोपरा तीन बाय तीन, म्हणजे बी वर्ग. आता उरलेली लादी बघ.’

ती खाली बसली. लिनोलियमच्या या कडेला लादीचा एक पट्टा, त्या कडेला दुसरा. तिने एकेक फुटाच्या लाद्या बोटाने मोजल्या. ‘दहा बाय तीन. हा पण दहा बाय तीन. साठ! अगो बाय, हेच की ते दोन एबी!’

इतकी वर्षं मी फळ्यावर आकृत्या काढल्या, पण असं कुणी ओरडलं नव्हतं. मग तिला चेवच आला. ए आणि बीच्या जागी वाटेल ते आकडे घालून ती पडताळा घेऊ लागली. मध्येच थबकली.

‘बाई, बी शून्य घेतला तर?’

‘घे ना. करून बघ.’

‘बी वर्ग शून्य. तो तर जाणारच.’ तिची पेन्सिल मधल्या पदावर थांबली. ‘पण मग दोन एबी पण जातं. दोन्ही पट्टे जातात, बाई. नुसता ए वर्ग उरतो.’

बोलता बोलता तिची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली आणि तिने पेन्सिल खाली ठेवली. मी ‘बरोबर’ म्हटलं. बरोबर उत्तराला बरोबर म्हणायची सवय जात नाही. आणि मग मला रडू कोसळलं. भेटायला आलेल्या सगळ्यांनी एक माणूस गेल्याचं सांत्वन केलं होतं. तिकडे जाणारा चहा आणि इकडे येणारा पेपरही गेला, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी गणिताची बाई, पण माझ्याही नाही.

ती परीक्षेत पास झाली, कामावर कायमही झाली. पेढे द्यायला आली तेव्हा ड्यूटीची घाई होती, चपला न काढता दारातूनच देऊन गेली. ‘ते मधलं पद आलं होतं पेपरात!’ लिफ्टचं दार बंद होता होता तिने ओरडून सांगितलं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला.

दार लावलं. पेढा घेऊन मी सवयीने लादीवरून खुर्चीपर्यंत गेले, अर्धा मोडून पुढे केला, आणि थोड्या वेळाने तिथेच उभी राहून दोन्ही अर्धे मीच खाल्ले.