पोरीचा खुराक

मी पहिलं खोटं बोलले ते एकाच शब्दाचं, आणि तेही हसत हसत. मामी माझ्या टेबलावरचा पसारा आवरत होती. हिंगाची जुनी डबी तिनं कानाशी धरून खुळखुळवली आणि विचारलं, "ह्यात काय हाय गं?" मी वहीतून मान वर न काढता म्हणाले, "खुराक हाय मामी. अभ्यासाचा."

हा शब्द कोल्हापुरात असा कुठंही फेकू नये. बाहेरच्या माणसाला खुराक म्हणजे नुसतं खाणंपिणं वाटेल. आमच्या शिवाजी पेठेत, त्यातून जुन्या पैलवानाच्या घरात, खुराक म्हणजे बदाम, तूप, निरसं दूध, थंडाई. अंगाला लागणारं, पडलेला माणूस उभा करणारं. त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. मी शिरोळकडची, इंजिनिअरिंगसाठी मामाकडं राहायला आलेले, तीन वर्षं त्याच घरात जेवत होते. मला हे कळायला नको होतं? पण अक्कल गहाण टाकलेली होती तेव्हा.

डबीतल्या गोळ्या माझ्या नव्हत्या. ज्या लहान पोरांचं एका जागी चित्त ठरत नाही, त्यांना डॉक्टर चिठ्ठीवर देतात त्या गोळ्या होत्या. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या धाकट्या भावाला चालू होत्या, आणि ती त्यातल्या चोरून आम्हाला आणून द्यायची. त्या पोराला मग काय उरत होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते. कॉलेजात त्यांना आम्ही खुराकच म्हणायचो. "खुराक झाला का?" "आज डबल खुराक, विषयच हार्ड हाय." उघड्यावर बोलायचो आणि शेजारून जाणाऱ्या सरांना वाटायचं, पोरं दूधबिध पितात वाटतं, चांगलं आहे.

माझं गणित दोनदा राहिलं होतं. तिसऱ्यांदा राहिलं तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं की आबा, माझे वडील, मला गावी घेऊन जाणार, हे त्यांनी दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिथून सुरू झालं. पहिली गोळी घेतली त्या दिवशी वाटलं, अरे, हे एवढं सोपं होतं? भीती गेली. सहा तास खुर्चीवरून हलले नाही. पण संध्याकाळी गोळी उतरली की तीच भीती दुप्पट होऊन यायची. हात थरथरायचे, दातावर दात घट्ट बसायचे, छातीत गिरणीचा पट्टा फिरल्यासारखं धडधडायचं. भूक तर मेलीच होती. मामी ताट वाढायची आणि मी दोन घास खाऊन उठायचे. गोळीची भीती वाटायची आणि गोळी नसली तर त्याहून जास्त वाटायची. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर डबी गेली असती.

गोळ्या पाकिटातून काढून मी त्या हिंगाच्या डबीत ठेवायचे, म्हणजे पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये. केवढी हुशारी!

आता मामाचं सांगते. मामा तरुणपणी तालमीतला नामांकित गडी. माझ्या आठवणीतला मामा मात्र घराखाली पिठाची गिरण चालवणारा, भुवयांवर पीठ बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला "काय पावणं, ज्वारी का गहू?" म्हणून ओरडून विचारणारा. आदल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी स्टेंट बसवला. तूप बंद, मटण बंद, बदामसुद्धा मोजून. त्याला आजारापेक्षा हे जास्त लागलं. "खुराक तुटला आन् माणूस खचला," मामी सारखं म्हणायची. तो दळणाचा डबा उचलताना मध्येच थांबायचा, तिनं बघितलं की उगाच खोकायचा. मामी सगळं बघत होती. आणि ती मलाही बघत होती, दिवसदिवस न थकता बसणारी, न जेवता ताजी दिसणारी.

पेपर साडेदहाला होता. सकाळी आठच्या सुमाराला मी डबी उघडली. गोळ्या कमी वाटल्या. घेतल्या असतील मीच, म्हटलं. तेवढंच वाटलं, खोटं कशाला सांगू? एक गोळी पाण्याबरोबर गिळली आणि सूत्रं डोळ्यांखालून घालत बसले.

खाली गिरण जोरात चालू होती. मामा मोठमोठ्यानं बोलत होता, हसत होता. पोती सरकवल्याचा आवाज आला. मी खिडकीतून वाकून बघितलं तर मामा बनियनवर, एकटाच गव्हाचं पोतं ओढत होता. घामानं पाठ निथळत होती. "मामा, ठेव की ते!" मी ओरडले. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "आज काय पण सांग लेकी, आज समदी पोती संपवून कंडका पाडतो!" त्याचे डोळे मला जास्तच मोठे वाटले.

मामी पोहे घेऊन वर आली. खुशीत होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा असा बघितला नव्हता.

"बगितलीस का? ह्यास्नी खुराक लागला बघ."

"कुठला खुराक?"

"तुझा की. आणि कुटला?"

मामी सीमेकडच्या गावची. तिकडं बायकासुद्धा मी गेलो, मी दिलो, असंच बोलतात. ती मोठ्या अभिमानानं सांगायला लागली, "बदामासंगं खलबत्त्यात कुटलो आन् सकाळी सातलाच दुधातनं दिलो. खुराक पाण्याबरुबर घेत्यात व्हय गं खुळे? दुधातनंच लागतो. तू बारकी, तुला एक पुरती. ह्यांचा देह बघ केवढा. चार घातलो."

चार. मी उठून उभी राहिले ते आठवतं. पोह्यांची ताटली माझ्या हातून पडली की तिच्या, ते आठवत नाही. मी जिना उतरले. मामा पोत्यावर बसला होता. गिरण तशीच चालू, आत दाणा नाही, नुसती जाती घासत होती. त्याचा एक हात छातीवर होता आणि तोंडाचा रंग पिठासारखा झाला होता. "कायतरी व्हायलंय," तो म्हणाला. मामा असं कधी म्हणत नाही.

शेजारच्या रिक्षावाल्यानं आम्हाला मोठ्या दवाखान्यात नेलं. मामी त्याची छाती चोळत होती आणि देवाचं नाव घेत होती. मी पुढं रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसले होते आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? निघताना बॅग उचलली आहे, हॉल तिकीट बॅगेत आहे, हे चाललं होतं. गोळीचं काम असंच असतं. तिच्यामुळं डोकं एकदा ज्याला धरतं त्याला सोडत नाही, मग शेजारी माणूस मरत का असेना.

दवाखान्यात त्याला आडवं केलं, तारा चिकटवल्या, पडद्यावर आकडे धावायला लागले. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलायचे पण इकडचे नव्हते. स्टेंटची फाईल बघून त्यांनी मामीला विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंय? दुसरं काही औषध घेतलंय?"

"औषिद न्हाई वो. दूध दिलो. खुराक घालून."

"खुराक म्हणजे?"

"बदाम. आणि पोरीचा खुराक."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "म्हणजे प्रोटीन पावडर का?"

आणि मी "हो" म्हणाले.

का म्हणाले, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्यांनी आयतं उत्तर हातात दिलं आणि मी ते घेतलं. एका क्षणात सगळं दिसलं होतं मला. पोलीस, कॉलेज, मैत्रिणीचं नाव, आबा. आणि त्याच्याही खाली एक विचार होता. मामाचं हृदय आधीच खराब आहे, काही झालं तरी त्यावरच जाईल, कुणाला कळणार नाही. माझ्या मनात हे आलं. ज्या माणसानं मला तीन वर्षं लेकीसारखं ठेवलं, त्याच्याबद्दल आलं.

डॉक्टर फोनकडं गेले. स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा असावा, तयारी ठेवा, असं काहीतरी बोलत होते. नर्स इंजेक्शन भरत होती. मामानं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते, जीभ जड झाली होती. त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"पेपर हाय न्हवं तुजा?" तो म्हणाला. "जा की. रिक्षा धर. मला काय धाड भरत न्हाई."

मी पळाले. पेपरला नव्हे. डॉक्टरांच्या हातातला फोन मी धरला, खरंच हातानं धरला, आणि त्या गोळीचं नाव सांगितलं. "चार. सकाळी सातच्या सुमाराला. दुधातनं. मी मघाशी खोटं बोलले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नर्सला ओरडून ते इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं, दुसरं मागवलं, आणखी कुणालातरी बोलावलं. माझ्या शेजारून जाताना म्हणाले, "हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" काय झालं होतं, ते मला ठाऊक होतं.

मग पडद्यापलीकडं धावपळ आणि अलीकडं आम्ही दोघी. मी मामीला सगळं सांगितलं. खुराक म्हणजे काय, डबी कुठून आली, सगळं. मला वाटलं, ही आता माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या हातांकडं बघत एवढंच म्हणत राहिली, "मी कुटलो. माझ्या हातानं कुटलो. मी घातलो." मी म्हणत होते, "मामी, तुझं काय चुकलं? माझं चुकलं." तिला ऐकूच जात नव्हतं. साडेदहा वाजून गेले. भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडं बघितलं, ही पण माझीच गोष्ट.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, ठोके खाली येत आहेत, धोका टळतोय, पण रात्रभर इथंच ठेवू. मामी भिंतीला टेकून तशीच खाली बसली. पाणी प्यायली. मग डॉक्टर म्हणाले, "ते भाचीला बोलावतायत."

मला आत जायचं नव्हतं. खरं सांगते, दवाखान्यातून पळून जावं असं वाटत होतं. पण गेले. मामा उशीला टेकून बसला होता. बिना पिठाच्या भुवया पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितल्या, पांढऱ्याच होत्या. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं होतं हे तोंडावरून कळत होतं. मी पायाशी उभी राहिले.

"हिकडं ये. तितं कशाला हुबी ऱ्हायलीस?"

मी जवळ गेले. म्हटलं, "मामा, चुकले."

"ते ऱ्हाऊ दे. तू हे रोज खातीस?"

मी त्याच्या चादरीचं टोक सरळ करायला लागले.

"बोल की."

"परीक्षा जवळ आली की रोज."

"कवापास्नं?"

"दिवाळीपासनं."

मला वाटलं आता उखडेल, कारण मामाचा आवाज चढला की गल्ली ऐकते. पण तो अगदी हळू बोलायला लागला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मी आखाड्यात कदी भ्यालो न्हाई," तो म्हणाला. "सकाळी भ्यालो. काळीज तोंडात आलतं बघ. वाटलं, फुटतंय आता. आन् तू वरच्या खोलीत एकटी बसून रोज आसं..." त्यानं माझं मनगट धरलं. पैलवानाचा हात, आजारी असला तरी पकड सुटत नाही. माझी नाडी त्याच्या बोटांखाली होती. सकाळची गोळी अजून पुरती उतरली नव्हती आणि दिवसभर पोटात अन्न नव्हतं. ती कशी पळत होती हे मला कळत होतं, आणि आता त्यालाही कळलं.

त्याचा चेहरा बदलला. "आज बी घेतलीयास?"

"व्हय."

"आयला!" तो ओरडला. एवढ्या जोरात की पडद्यावरचे आकडे वर चढले आणि मशीन वाजायला लागलं. नर्स धावत आली. "अवो डॉक्टर! मला काय झालेलं न्हाई आता! हिला बगा आदी! पोरगी मरंल की वो माजी! हिच्या छातीला लावा ह्या तारा!"

नर्स त्याला दाबून धरत होती, आणि मामा छातीवरच्या तारा उपटत पलंगावरून पाय खाली सोडत होता, मला झोपायला जागा करून द्यायला.