कुत्रेवाल्या बाई काय म्हणाल्या

माझ्या सासूबाई मला दर रविवारी डोळा मारतात. पुण्यात त्यांची दुपार असते, इकडे स्टुटगार्टजवळ माझी सकाळ. मी काहीतरी चावट बोलतो, फोनच्या पडद्यावर त्या हसतात आणि त्यांचा डावा डोळा मिटतो. हे चारचौघांत सांगितलं की लोक खूश होतात. पुढचं सांगितलं की खुर्चीत जरा सरळ बसतात.

मी नोकरीने इंजिनिअर आहे, पण ते कोणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात मी नकलाकार म्हणूनच ओळखला जातो. गणेशोत्सवात वीस मिनिटं माझी असतात आणि ती मी चाळीस करतो.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई तीन महिने आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणतो. गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांना शोध लागला, की आम्ही इतकी वर्षं दुर्वा म्हणून बाल्कनीतल्या कुंडीतलं गवत वाहतो.

"देवाला गवत घालता?"

"आई, दुर्वा म्हणजे गवतच की."

"तुम्ही बोलू नका."

घरामागे जंगल सुरू होतं तिथे त्यांना मनासारखी तीन पात्यांची दुर्वा सापडली. निदान दुर्वेच्या जवळची कोणीतरी नातेवाईक. कमरेला पदर खोचून त्या उंच गवतात उकिडव्या बसल्या आणि एकवीसची एक अशा जुड्या करू लागल्या. तेवढ्यात कुत्रा फिरवणाऱ्या एक जर्मन बाई थांबल्या. त्या गवताकडे बोट दाखवून, मग स्वतःच्या कोपराकडे, काखेकडे, गुडघ्यामागे हात नेत बराच वेळ बोलल्या. आई हातातलं काम थांबवून तो कार्यक्रम बघत होत्या.

"काय म्हणतायत हो?"

"गवतात गोचिडी आहेत म्हणतायत. कुत्र्याला लागतात तशा."

"मग कुत्र्याला घरी न्या म्हणावं."

मी बाईंना सांगितलं, की आई तुमचे आभार मानतायत. दोन्ही बाजू प्रसन्न झाल्या.

दोन दिवसांनी मंडळात मी हा प्रवेश सादर केला. दोन्ही आवाज मीच काढले, दोन्ही बायका मीच झालो, काखेत हात घालणारी जर्मन बाई तर अशी रंगली की पहिल्या रांगेतल्या एका काकांना ठसका लागला. आई पदराने डोळे पुसत हसत होत्या. ते हसू मी नीट पाहिलं होतं. तोंडाची दोन्ही टोकं सारखी वर गेली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, बायको ऑफिसला गेली असताना, आई म्हणाल्या, "दंडाच्या मागे काय झालंय बघा हो. मला दिसत नाही."

कोपराच्या वर बांगडीएवढं वर्तुळ होतं. कडा जांभळट तपकिरी, मधला भाग फिका. खाज नाही, दुखत नाही, हात लावला की जरासं गरम.

आमच्या घरात औषधखातं माझ्याकडे आहे. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेतून ज्या गोळ्या आणि मलमं येतात, ती मी एका बुटांच्या खोक्यात जमवतो. पाहुण्यांच्या विम्याचे फॉर्म भरा, डॉक्टरांची वेळ घ्या, यापेक्षा खोकं जवळ असतं. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात असं एक खोकं आहे, आणि त्याच्या शेजारी माझ्यासारखा एक धन्वंतरी.

"गजकर्ण," मी निदान केलं. "गजाननाची सेवा केलीत, त्याने प्रसाद दिला."

"चावलं असेल का काही? आंघोळीच्या वेळी खसखशीएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. नखाने काढून टाकलं मी."

हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवलेली नाही.

त्यांना दिसावं म्हणून फोटो काढला. वाढतंय का ते कळावं म्हणून बॉलपेनने कडेने रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि त्याचाही फोटो काढला. मग आमच्या पुण्यातल्या केमिस्टने "सगळ्याला चालतं" म्हणून दिलेली ट्यूब लावली. तीन दिवसांत वर्तुळ रेघेबाहेर गेलं. मी ट्यूब दिवसातून दोनदा केली. दोन-तीन आठवड्यांत ते फिकट होत नाहीसं झालं आणि मी जिंकलो. ऑक्टोबरमध्ये आई पुण्याला परतल्या.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी फोन लावला तेव्हा त्या चहा पीत होत्या आणि चहा डाव्या कोपऱ्यातून गळत होता. अर्धा चेहरा बोलत होता, अर्धा नुसता ऐकत होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की हा अर्धांगवायू नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, होईल हळूहळू बरं. जर्मनीतल्या गवताबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. का विचारावं त्यांनी?

त्याच आठवड्यात माझा खोकला घेऊन मी आमच्या हाउसएर्त्स्टीनकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे थांबायच्या खोलीत एक पोस्टर आहे. त्याच्याखाली मी अनेक वर्षं बसत आलोय. एका गुलाबी पोटरीवर लालभडक वर्तुळ, आणि वर गोचिडीचं मोठं चित्र. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा गुलाबी आणि लाल रंग वगळून पाहिलं. सावळ्या दंडावर ठेवून पाहिलं. मग आत गेल्यावर फोनमधला तो फोटो उघडून पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"ही पेनची रेघ कोणाची?"

"माझी."

"आणि मग काय केलंत?"

मी ट्यूबचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बोरेलिओसिसचं, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराचं, असं वर्तुळ दिसलं की रक्ततपासणीसाठीही थांबावं लागत नाही, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करतात आणि बहुधा तिथेच संपतं. मलमाने वरचा रंग गेला असेल, आतले जंतू गेले नाहीत, आणि ते पुढे चेहऱ्याच्या नसेपर्यंतही पोचतात.

"पण आम्ही गोचिडीची लस घेतलीय," मी म्हणालो. जणू त्याने काही झालं असतं.

"ती मेंदूज्वराची. तो वेगळा आजार. यावर अजून लस नाही. यावर गवतातून आल्यावर अंग तपासणं, एवढंच."

घरी येईपर्यंत मी एक छान गोष्ट रचली होती. तिच्यात डॉक्टरीणबाईंना सहज शंका आली होती आणि मी तिच्यात नव्हतोच. पण पुण्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवायचा, तर त्यावर माझ्या अक्षरातली तारीख होती. मी बायकोला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं.

"खसखशीएवढं म्हणाली होती ती?"

"हो."

"आणि तू ट्यूब लावलीस."

"हो."

तिने माझ्याकडे न बघता पुण्याला फोन लावला.

फोटो पाहून डॉक्टरांनी आईंच्या तपासण्या केल्या आणि औषध सुरू केलं. उन्हाळ्यापर्यंत चेहरा जागेवर आला. अगदी थोडं राहिलं. नस पुन्हा जुळताना दोन धागे एकमेकांत गेले म्हणतात. त्या हसल्या की डावा डोळा मिटतो. तो आता तसाच राहणार.

मला अजून टेबलावरून कॉफीचा मग उचलला की खाली ते वर्तुळ दिसतं. ट्यूब खोक्यात तशीच आहे. फेकवत नाही. गणपतीच्या आधी मंडळात मी तो फोटो पडद्यावर दाखवतो. गुलाबी नाही, आपल्या रंगाचा. लोक गप्प बसून बघतात, आणि मला मात्र पहिल्या रांगेतला तो ठसका ऐकू येतो.

गेल्या रविवारी आई म्हणाल्या, "माझी नक्कल बंद केलीत म्हणे."

"हो."

"का पण? करा. मला काही वाटत नाही." मग म्हणाल्या, "त्या कुत्रेवाल्या बाई एवढं हातवारे करून काय सांगत होत्या हो? तुम्ही तर एकच वाक्य सांगितलंत."

मी सांगितलं. घरी गेल्यावर कपडे काढून यांचं सगळं अंग बघा. कोपराच्या वर, काखेत, गुडघ्यामागे. अगदी बारीक असते, तिळाहूनही लहान. चिमट्याने सरळ ओढून काढा, आणि पुढचे काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवा.

"एवढं बोलल्या होत्या?"

"एवढं बोलल्या होत्या."

त्यांनी दंडाच्या मागे हात नेऊन पाहिला.

"आणि मी त्यांना कुत्रा घरी न्या म्हणाले," त्या म्हणाल्या आणि हसल्या, आणि त्यांचा डावा डोळा मिटला.